स्वतःच्या गाडीने शेजारशेजारचे सहा देश करायचे आहेत, तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की दोघांनी मिळून चार महिन्यांत सहा देश करायचे आहेत, नकाशावर मार्ग आखून झालाय आणि आता व्हिसाचे अर्ज भरायला बसणार आहात. जरा थांबा. आधी गाडीचे कागद बघा, मग स्वतःचे. मी असे दोन लांबचे प्रवास केलेत. दोन्ही वेळा आमचे पासपोर्ट दहा मिनिटांत शिक्के मारून हातात आले आणि गाडी मात्र तासन्‌तास उभी राहिली.

कारण असं की तुमच्यासाठी तो प्रवास असला तरी त्या देशाच्या कस्टम्सच्या लेखी तुम्ही एक गाडी आयात करत असता. ती तिथेच विकून तुम्ही परत गेलात तर त्यांचा कर बुडतो. म्हणून बरेच देश सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा परवाना देतात आणि त्यावर मुदत घालतात. काही देश, उदाहरणार्थ भारत, पाकिस्तान आणि इजिप्त, 'कार्ने द पासाज' मागतात. गाडी परत बाहेर नेली जाईल याची हमी देणारं, ऑटोमोबाइल संघटनेकडून मिळणारं हे पुस्तक एक वर्ष चालतं. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक देशात शिरताना फाडून घेतात, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. ते मिळवायला बँक गॅरंटी किंवा रोख अनामत ठेवावी लागते. ही रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कोणत्या देशांत जाणार यावर ठरते आणि महिनोन्‌महिने अडकून पडते. त्यामुळे मार्गात एक जरी कार्नेवाला देश असेल, तर कोणती गाडी न्यायची हा निर्णयच बदलू शकतो. आम्ही नवी गाडी घरी ठेवून जुनी नेली ती याच हिशेबाने, आणि तो निर्णय योग्य ठरला.

आता आमची चूक सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. एका सीमेवर संध्याकाळ झाली होती. आमच्या पासपोर्टवर शिक्के पडले, फाटक उघडलं, आम्ही निघालो. गाडीचा बाहेर पडल्याचा शिक्का मारणारी खिडकी दुसऱ्याच इमारतीत होती, आणि ते लक्षात आलं तेव्हा आम्ही चारशे किलोमीटर पुढे होतो. म्हणजे त्या देशाच्या दफ्तरी आमची गाडी अजून आतच! असं राहिलं तर ते पूर्ण आयात कर मागू शकतात आणि तो अनामतीतून जातो. शेवटी मायदेशी परतल्यावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला गाडी प्रत्यक्ष दाखवली. चासी नंबर ताडून 'गाडी इथे आहे' असा दाखला त्यांनी कार्नेच्या शेवटच्या पानावर दिला, तेव्हा प्रकरण मिटलं. दोन महिने झोप नीट लागली नव्हती. तेव्हापासून नियम केला: फाटक ओलांडण्याआधी दोघांपैकी एकाने शिक्का मोठ्याने वाचायचा, तारखेसकट.

मुदतींची दोन वेगळी कोष्टकं करा, एक माणसांचं आणि एक गाडीचं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत मिळून, 180 दिवसांत फक्त 90 दिवस राहता येतं, पण त्याची गाडी युरोपीय संघात सहा महिने राहू शकते. काही देशांत नेमकं उलटं असतं.

मार्ग आखताना सगळ्यात अवघड सीमा आधी शोधा, त्या ओलांडायच्या तारखा ठरवा आणि तिथून मागे मागे येत बाकीचा प्रवास बसवा. नकाशावर दोन देश चिकटलेले दिसले म्हणून मधून रस्ता असतोच असं नाही. अल्जीरिया आणि मोरोक्को यांची जमिनीवरची सीमा 1994 पासून बंद आहे. तुर्कस्तानातून आर्मेनियाला जाणारे जॉर्जियाचा वळसा घालतात. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये शंभरेक किलोमीटर जंगल आहे, रस्ताच नाही, त्यामुळे गाडी जहाजानेच जाते. चीनमध्ये आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट चालत नाही. तिथला तात्पुरता परवाना, नंबरप्लेट आणि सोबत वाटाड्या, हे सगळं एजन्सीमार्फत बरंच आधी ठरवावं लागतं.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटबद्दल एवढंच: रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचं वेगळं आणि 1968 च्या करारानुसारचं वेगळं. जपानला 1949 चंच लागतं. तुमच्या सहा देशांपैकी प्रत्येकाला कोणतं चालतं ते तपासा, आणि मूळ लायसन्स सोबत ठेवाच. विम्यासाठी युरोपात ग्रीन कार्ड आणि पूर्व आणि दक्षिण भागातल्या बऱ्याच आफ्रिकी देशांत कोमेसा या व्यापारी संघटनेचं यलो कार्ड चालतं. इतर ठिकाणी विमा सीमेवर विकत घ्यावा लागतो. गाडी तुमच्यापैकी एकाच्याच नावावर असेल, तर दुसऱ्याला ती चालवण्याची परवानगी देणारं नोटराइज्ड पत्र करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्रही.

गाडी नव्या पद्धतीची डिझेल असेल तर त्या देशांतल्या डिझेलमध्ये गंधक किती असतं ते आधी बघा. जास्त गंधकामुळे धुराड्यातला फिल्टर तुंबतो आणि तो साफ करून देणारं गॅरेज दूरवर सापडत नाही.

चार महिन्यांत सहा देश जमतील, पण रोजचे किलोमीटर कमी धरा. डोंगरात ताशी चाळीसचा वेग मिळाला तरी पुष्कळ. ज्या दिवशी सीमा ओलांडायची, त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. सकाळी फाटक उघडायच्या आधी रांगेत असा, आणि पलीकडच्या पहिल्याच गावात मुक्काम करा. विशेषतः थायलंडमधून लाओसमध्ये जाताना होते तशी गाडी चालवायची बाजू डावीकडून उजवीकडे बदलणार असेल, तर ओव्हरटेक करताना समोरचं शेजारी बसलेल्यालाच आधी दिसतं. 'आत्ता नको' आणि 'चल' हे दोन शब्द निघण्याआधीच आपसात ठरवून घ्या.