मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चरच्या टीममध्ये जावं का?

तुम्हाला बँकेच्या आयटीतल्या 'मॉडेल-ड्रिव्हन' (आधी सॉफ्टवेअरचं मॉडेल आखायचं, मग त्यातून ते घडवायचं) टीमची ऑफर आली आहे, आणि एआय थेट कोड लिहीत असताना या प्रकाराला मोठ्या कंपन्यांत काही भवितव्य उरलंय का, असं तुम्ही विचारलंय.

होकार देण्याआधी त्या टीमला विचारा, रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं तर तुमचा माणूस आधी काय उघडतो, मॉडेल की कोड? 'कोड' म्हणाले तर ते मॉडेल लवकरच भिंतीवर टांगायच्या लायकीचं होणार.

हे मी पोळल्यावर शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी विम्याच्या एका प्रकल्पात होतो. यूएमएलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या प्रमाण भाषेत, पॉलिसी, हप्ता, दावा असं सगळं काढायचं, बटण दाबलं की जावा कोड बाहेर. पहिले काही महिने मजेत गेले. मग गो-लाइव्हच्या आठवड्यात हप्त्याच्या राउंडिंगमध्ये घोळ निघाला. एकाने थेट जावात दोन ओळी बदलल्या. मॉडेल नंतर बघू म्हणाला. पुढच्या वेळी जनरेटर (मॉडेलमधून कोड काढणारं टूल) चालवला तेव्हा त्या दोन ओळी पुसल्या गेल्या आणि तोच घोळ पुन्हा ग्राहकाच्या दारात. त्यानंतर जनरेटर चालवायला कोणी धजेना. शिवाय मॉडेलची फाइल एक्सएमआय या किचकट साच्यातली, म्हणजे दोघांनी एकाच दिवशी हात लावला की दोघांचे बदल एकत्र करणं अशक्यच. रोज सकाळी ऑफिसात आरोळी उठायची, "आज मॉडेल कोणाकडे आहे?"

मूळ कल्पना मात्र वेडगळ नव्हती. सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या ओएमजी या संस्थेने २००१ मध्ये एमडीए (मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चर) मांडलं ते असं: धंद्याचे नियम तंत्रज्ञानापासून वेगळे लिहून ठेवा, उद्या प्लॅटफॉर्म बदलला तर फक्त रूपांतराचे नियम बदला. टीसीएसने पुण्याच्या टीआरडीडीसी या आपल्या संशोधन केंद्रात याच वाटेने मास्टरक्राफ्ट हे टूल घडवलं.

आज ही कल्पना खरी नांदते ती गाड्यांमध्ये. सिम्युलिंक या टूलमध्ये ब्लॉक जोडायचे, त्यातून सी भाषेतला कोड काढायचा आणि तो ईसीयूत, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकात, भरायचा. त्या कोडला हाताने कोणी शिवत नाही, कारण कंट्रोल इंजिनिअर मुळात ब्लॉकमध्येच विचार करतो आणि आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या सुरक्षेच्या मानकासाठी पुरावेही तिथूनच जोडायचे असतात. धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या जवळ जातं ते बीपीएमएन २.०, कामाची प्रक्रिया आकृतीत मांडायचं २०११ चं मानक. तिथे इंजिन आकृतीच चालवतं, मधल्या प्रक्रियेचा वेगळा कोड नसतोच, त्यामुळे दोघांची फारकत व्हायला जागा कमी. लो-कोडही, म्हणजे फारसा कोड न लिहिता ॲप जुळवायची टूल्सही, याच घराण्यातली. त्यातलं मेंडिक्स सीमेन्सने २०१८ मध्ये विकत घेतलं. गंमत बघा, एमडीए निघालं प्लॅटफॉर्मपासून सुटायला, आणि लो-कोडमध्ये तुमचं मॉडेलच विक्रेत्याच्या खुंटीला बांधलं जातं.

आता एआय. 'कोड आपोआप निघेल' एवढ्याच वचनावर जे दुकान चालायचं, ते माझ्या मते बंद झालं. पण जनरेटर एकाच मॉडेलमधून दर वेळी तोच कोड काढतो; एआयची तशी खात्री नाही. कर्ज का नाकारलं हे ऑडिटरला सांगताना 'प्रॉम्प्ट असा होता' म्हणून भागत नाही. खाते कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाऊ शकतं, मंजुरी कोणाची लागते, हे कुठेतरी काटेकोर लिहिलेलं लागतंच. एआयने लिहिलेला कोड त्याच्याशी ताडून पाहायचा, टेस्ट केसेसही त्यातूनच काढायच्या. असं मॉडेल मजकुरात असलं तर उत्तम. २०२५ मध्ये ओएमजीने स्वीकारलेल्या सिसएमएल व्ही२ या मॉडेलिंगच्या भाषेत चित्रांबरोबर मजकुराची लिपीही आहे. ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ठेवून डिफ, म्हणजे नेमकं काय बदललं ते, बघता येतो. आम्हाला हे तेव्हा मिळायला हवं होतं!

तेव्हा टीम बीपीएमएन इंजिन किंवा नियमांचं इंजिन प्रॉडक्शनमध्ये चालवत असेल तर बिनधास्त जा, आणि गेल्यावर एखादी छोटी डीएसएल (एकाच विषयापुरती भाषा), ती वाचून समजणाऱ्या पार्सरसकट, स्वतः लिहून बघा; टूल्स येतात-जातात. नुसत्या आकृत्या काढून विकीवर चढवत असतील, तर पगार कितीही असो, मी तरी जाणार नाही.