क्रोशाच्या ब्लॉगवर महिना पंधरा हजार?

ताई, तुम्ही लिहिलंय की ब्लॉगला आठ महिने झाले, क्रोशाच्या विणकामावर चाळीस लेख झाले आणि महिन्याला साधारण 3,000 वाचनं होतात. आता शिकवण्या बंद करून पूर्ण वेळ इकडे दिला, तर जाहिरातींतून महिना 15,000 रुपये सुटतील का?

नाही सुटणार. शिकवण्या चालू ठेवा.

मी 2016 पासून गच्चीवरच्या बागेवर मराठीत लिहितोय. माझ्याकडे हजार वाचनांमागे सरासरी 40-45 रुपये पडतात. त्या हिशेबाने तुमच्या 3,000 वाचनांचे झाले 130 रुपये. पंधरा हजारांसाठी साडेतीन लाख वाचनं लागतील, आणि तीही दर महिन्याला. इंग्रजी ब्लॉगवाले आपल्या कमाईचे आकडे मिरवतात ते खोटेच असतात असं नाही, पण अमेरिकेतल्या वाचकासाठी जाहिरातदार आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतो. कुंडीत कढीपत्ता कसा जगवायचा हा माझा लेख तिकडची मराठी मंडळी वाचतात, त्या दिवशी माझाही आकडा जरा हलतो!

ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स. तिथे 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. त्याआधी 10 डॉलर झाले की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो. माझं पहिलं पत्र आलंच नाही, दुसरं मागवावं लागलं. पहिले पैसे खात्यात पडायला 19 महिने लागले, त्यातूनही बँकेने आपलं शुल्क कापून घेतलं. उरले त्यात घरच्यांना पेढे दिले आणि मातीची चार पोती आणली. (रक्कम किरकोळ असली तरी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायची असते बरं का.)

आणि कृपा करून नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘जाहिरातीवर क्लिक करा’ असं टाकू नका. खातं बंद होतं. शिवाय 2024 पासून अ‍ॅडसेन्सने क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे त्या क्लिकचा तसाही उपयोग नाही.

मग काहीच मिळत नाही का? मिळतं, पण ते बाजूच्या दाराने येतं. मला जाहिरातींपेक्षा जास्त पैसे रविवारच्या कार्यशाळांनी दिले. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, लोक माझा लेख वाचून फोन करतात, ‘आमच्या सोसायटीत येऊन दाखवाल का?’ त्यासाठी लाखो वाचक लागत नाहीत. वीस पुरतात.

तुमच्याकडे तर याहून चांगलं भांडवल आहे. इंटरनेटवरचे क्रोशाचे बहुतेक पॅटर्न इंग्रजीत आणि त्यातही गोंधळ असा, की अमेरिकन पॅटर्नमधला ‘सिंगल क्रोशे’ हा टाका ब्रिटिश पॅटर्नमध्ये ‘डबल क्रोशे’ होतो. नवशिकी बाई निम्मा रुमाल विणते आणि मग उसवत बसते. (आमच्या घरी हे झालंय, म्हणून सांगतो.) तुम्ही मात्र साखळी, मुका खांब, खांब अशा आपल्या शब्दांत लिहिता. तुमच्या मुक्या खांबाच्या लेखाखाली सात जणींनी ‘पुढचं कधी?’ असं विचारलंय. माझ्या मते 3,000 वाचनांपेक्षा त्या सात जणी महत्त्वाच्या.

त्यांनाच विचारा, शनिवारी संध्याकाळी चार आठवडे ऑनलाइन शिकवलं तर येतील का. प्रत्येकी 400 रुपये घेतले आणि पाच जणी आल्या, तरी 2,000 झाले. तुमच्या आत्ताच्या वाचनांवर जाहिरातींतून एवढे मिळायला सव्वा वर्ष लागेल. शिकवण्याची सवय तुम्हाला आहेच. बाळाच्या टोपड्याचा पॅटर्न स्वच्छ लिहून, फोटोंसकट पीडीएफ करून 50-60 रुपयांना ठेवता येईल. थंडीच्या आधी ठेवा, वैशाखात लोकर कुणी घेत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सध्या फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर आहात, तिथेच राहा. होस्टिंग, थीम, ‘तीस दिवसांत ब्लॉगर व्हा’ असले कोर्स, काही घेऊ नका. कोर्स विकणाऱ्यांची कमाई बहुधा कोर्स विकूनच होते.

तेवढा त्या मुक्या खांबाच्या लेखातला तिसरा फोटो बदला. सुई कुठल्या घरातून काढायची, तेच नेमकं बोटाआड गेलंय.