बायोकम्पॅटिबल म्हणजे जैवसुसंगत? की आपलं साधं 'मानवणारं'?

प्रश्न असा आहे की विज्ञानावरचा मजकूर मराठीत आणताना 'बायोकम्पॅटिबल' या शब्दापाशी गाडी अडते, तर तिथे 'जैवसुसंगत' लिहावं, 'जैवअनुकूल' लिहावं की सरळ इंग्रजी शब्दच ठेवून द्यावा. विचारणाऱ्यांनी स्वतः केलेलं वाक्यही दिलंय: 'हा जलजेल जैवसुसंगत व जैवविघटनशील असून ऊती अभियांत्रिकीमध्ये आधारमंच म्हणून वापरता येतो.'

वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही, पण मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोळे घसरून पुढे गेले. एक तर 'सुसंगत' हा शब्द आपण वापरतो कुठे? बोलण्यात, युक्तिवादात. साक्षीदाराची जबानी सुसंगत असते किंवा नसते. त्याला 'जैव' चिकटवलं की जैवविविधता, जैवइंधन, जैवकचरा या रांगेत तो जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी पर्यावरणाचं चाललंय. 'जैवअनुकूल'चं तर विचारूच नका, तो 'पर्यावरणअनुकूल'चा सख्खा भाऊच वाटतो. मुद्दा मात्र झाडाझुडपांचा नाहीच, मुद्दा हा की ही वस्तू माणसाच्या अंगात ठेवली तर अंग तिचं काय करेल.

आणि यासाठी आपल्याकडे घरातला शब्द आहे की. मानवणे. हवा मानवते, पाणी मानवत नाही, ते औषध मला मानवलं नाही बुवा दुसरं द्या. रोज बोलतो आपण. (या क्रियापदाचा 'मानव'शी थेट संबंध नाही हां, ते मानणे-मान्य यांच्या कुळातलं. शरीराने मान्य केलं ते मानवलं.)

आता कोणी म्हणेल हा बोलीतला शब्द, शास्त्रात कसा चालेल. मला उलट वाटतं, इथे तो शास्त्रीय शब्दापेक्षा जास्त काटेकोर आहे. 'टायटॅनियम जैवसुसंगत आहे' हे वाक्य पूर्ण वाटतं, जसं 'टायटॅनियम राखाडी आहे' तसं, म्हणजे हा जणू त्या धातूचा अंगचा गुण. पण 'टायटॅनियम मानवतं' एवढंच म्हणून बघा, समोरचा लगेच विचारेल, कोणाला? या क्रियापदाला 'ला' लागतोच. मला, तिला, हाडाला. आणि गंमत म्हणजे अंगात ठेवायच्या पदार्थांवर संशोधन करणारी माणसं बरीच वर्षं खटपट करून नेमकी याच जागी येऊन पोचली. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरला एक परिषद झाली, तिथे ठरलेली 'बायोकम्पॅटिबिलिटी'ची व्याख्या त्यांच्यातल्याच डेव्हिड विल्यम्स यांनी १९८७ मध्ये छापली आणि ती आजही सगळीकडे उद्धृत होते. मराठीत सांगायचं तर, विशिष्ट वापरात, यजमान शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळवत आपलं काम करण्याची पदार्थाची क्षमता. यात 'विशिष्ट वापरात' आणि 'यजमान' हे दोन शब्द फार महत्त्वाचे, म्हणजे कोणाला आणि कुठे. आपलं क्रियापद हे विचारल्याशिवाय पुढेच जात नाही.

त्याआधी कल्पना वेगळी होती. चांगला पदार्थ म्हणजे निष्क्रिय पदार्थ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञांचं उदाहरण नेहमी देतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे कण घुसलेले असायचे आणि ते तिथे राहूनही डोळा फारसा चिडायचा नाही हे त्यांनी पाहिलं आणि १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. मोतीबिंदूनंतर आज जे भिंग बसवतात त्याची सुरुवात ती.

पण मग जॉन चार्नली यांची गोष्ट बघा. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवणारे मोठे सर्जन, त्यांनी सांध्याच्या वाटीसाठी निवडलं टेफ्लॉन. घसरडं, आणि रसायनांना अजिबात दाद न देणारं, म्हणजे निष्क्रियपणाच्या परीक्षेत पहिला नंबर. काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजून जी पूड निघाली तिने आजूबाजूच्या ऊती इतक्या खवळल्या की सांधे परत उघडावे लागले. चार्नलींनी ती पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन पाहिली होती आणि तिथे गाठी आल्या! मग १९६२ मध्ये ते एका दणकट पॉलिथिलीनकडे वळले आणि आजचे बरेचसे सांधे त्याच वाटेने आलेत. म्हणजे टेफ्लॉन अख्खं असताना मानवलं आणि पूड झाल्यावर नाही. आता सांगा, टेफ्लॉन 'जैवसुसंगत आहे' की 'नाही'? विशेषणाला याचं उत्तर देता येत नाही. क्रियापद आरामात देतं.

इथे जवळचा दुसरा शब्दही बघून घेऊ, सोसणे. शरीरात परकी वस्तू गेली की पहिल्या काही क्षणांतच तिच्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात, मग भक्षक पेशी येतात, खायला बघतात, एकटीला जमत नाही म्हणून काही पेशी एकमेकींत मिसळून महापेशी होतात, तरी जमलं नाही की शेवटी वस्तूभोवती घट्ट तंतूंची पिशवी विणली जाते आणि वस्तू आत कोंडली जाते. थोडक्यात शरीर तिला हाकलत नाही, वाळीत टाकतं. याला मी मानवणं म्हणणार नाही, हे सोसणं झालं. पेसमेकरच्या डबीचं सोसण्यावर भागतं, भोवती पिशवी असली तरी ती आपलं काम करते. पण रक्तातली साखर मोजणारा सेन्सर जर आत ठेवला असेल तर त्याच पिशवीमुळे साखर त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि तो चुकीचे आकडे दाखवायला लागतो. शरीराने दोघांना तीच वागणूक दिली, एकाचं चाललं, दुसऱ्याचा खेळ खलास.

अलीकडचं बरंचसं संशोधन या सोसण्याकडून मानवण्याकडे कसं जायचं याचंच आहे असं मला वाचताना वाटतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने दाखवलं की अंगात ठेवलेल्या छोट्या गोळ्यांचं नुसतं आकारमान बदललं तरी फरक पडतो, दीड मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गोल गोळ्यांभोवती लहान गोळ्यांपेक्षा तंतू खूपच कमी साचले, आणि हे समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या जेलपुरतंच नाही, सिरॅमिक, धातू, प्लॅस्टिक सगळ्यांत दिसलं. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी अशा दीड मिलिमीटरच्या अल्जिनेट गोळ्यांत भरून मधुमेही उंदरांत ठेवल्या तर त्यांची साखर १८० दिवसांपर्यंत ताब्यात राहिली. पदार्थ तोच, फक्त गोळी मोठी! २०२४ मध्ये परत एमआयटीच्याच एका गटाचं काम आलं, त्यात इम्प्लांट आणि अवयव यांच्यामध्ये चिकट थर देऊन दोघं अगदी फट न राहता जोडले तर ती तंतूंची पिशवी मध्ये तयारच होत नाही असं प्राण्यांमध्ये दिसलं. म्हणजे चिकटून राहा, वाळीत पडणार नाही, असा काहीसा प्रकार.

चिकटण्यावरून आठवलं. मागे माझं एक छोटं ऑपरेशन झालं होतं, आतले टाके काही कुरकूर न करता जिरून गेले पण वरची पट्टी काढली तर खाली लालभडक चौकट, अगदी पट्टीने आखून काढल्यासारखी. मधल्या गॉजखालची कातडी स्वच्छ आणि जिथे जिथे गोंद लागला होता तेवढीच जागा पेटलेली. पाकिटावर तर त्वचेला सुरक्षित वगैरे लिहिलेलं होतं, आणि बहुतेकांसाठी ते खरं असणारही. मला नाही मानवली. माझ्या फाइलवर तेव्हापासून इंग्रजीत ॲलर्जी लिहिलंय, मी तोंडी सांगताना मात्र 'ती पट्टी मला मानवत नाही' असंच सांगतो आणि आजवर कोणी परत विचारलेलं नाही की म्हणजे काय.

विरुद्ध शब्द म्हणून बाधणे आहे. पण न मानवणं आणि बाधणं एक नव्हे. वैद्यकीय साधनांच्या जैविक तपासणीसाठी आयएसओ १०९९३ नावाची मानकांची मालिका आहे, तिच्यातल्या पेशींना विषारी आहे का, जळजळ होते का, ॲलर्जी येते का असल्या चाचण्या मुख्यतः 'बाधत तर नाही ना' एवढंच बघतात. त्या पास झाल्या की जाहिरातीत बेधडक 'बायोकम्पॅटिबल' छापतात. मराठीत तिथे 'बाधत नाही' लिहिलं तर जास्त प्रामाणिक होईल.

राहता राहिला नामाचा प्रश्न, कारण 'बायोकम्पॅटिबिलिटी' असं शीर्षक आलं की क्रियापद कामाला येत नाही. 'मानवता' तर करता येणार नाही, भलताच अर्थ होईल. 'मानवण्याजोगेपणा' लिहिणाऱ्याला दंड करावा. मी गमतीत एक शब्द पाडलाय, मानवणूक. करमणे-करमणूक, वागणे-वागणूक, तसं मानवणे-मानवणूक. रुळेल न रुळेल, पण मराठीच्या वळणाचा तरी आहे. पाठ्यपुस्तकात किंवा सरकारी मसुद्यात लिहायचं असेल तर 'जैवसुसंगतता' ठेवा, तिथे ठरलेला शब्द लागतो आणि त्याला माझी ना नाही.

आता 'जैवविघटनशील'. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण इंग्रजी एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबतं आणि आपण भाषांतरात तो गाठोडाच उचलून आणतो. टाक्यांचंच घ्या. लोक म्हणतात विरघळणारे टाके. पण विरघळणं म्हणजे मीठ पाण्यात जातं तसं, पाणी आटवलं की मीठ परत हातात. टाक्यांचं तसं होत नाही. जुना कॅटगट जनावरांच्या आतड्यापासून करायचे, तो शरीरातली एन्झाइम्स तोडायची, म्हणजे तो अक्षरशः पचायचा. नंतर आलेले पॉलिग्लायकोलिक किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाचे धागे पाण्यामुळेच तुकडे तुकडे होतात, लॅक्टिकवाल्याचं शेवटी लॅक्टिक आम्ल होतं, जे आपल्या स्नायूंत एरवीही तयार होतं, आणि त्याचं पुढे कार्बन डायऑक्साइड नि पाणी होऊन निघून जातं. याला जिरणं म्हणावं. जमिनीत पाणी जिरतं तसं, दिसेनासं होतं पण त्याच जमिनीचं होऊन. आणि मॅग्नेशियमचे स्क्रू हाडात बसवतात ते ना पचतात ना जिरतात, ते चक्क गंजतात, हायड्रोजन वायू सोडत. मॅग्नेशियमवाल्यांची सगळी कसरत या गंजण्याचा वेग हाड भरण्याच्या वेगाशी जुळवायची, नाहीतर भोवती वायूचे बुडबुडे साचतात. पचणे, जिरणे, गंजणे. मूळ मजकुरात पदार्थ कोणता आहे ते बघा आणि त्याप्रमाणे क्रियापद घ्या.

दातांच्या इम्प्लांटबद्दल 'रुजलं' असं म्हणताना मी ऐकलंय. गोड आहे, पण रुजतं ते बी, स्वतः जिवंत असतं. पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकांनी १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या छोट्या डब्या बसवल्या होत्या, प्रयोग रक्तप्रवाह बघायचा होता, आणि संपल्यावर त्या डब्या निघेचनात, कारण हाड वाढून त्यांना जाऊन भिडलं होतं. म्हणजे धातू जागेवर गप्प उभा, हालचाल केली ती हाडाने. म्हणून मी 'हाडाने धरलं' म्हणेन.

स्कॅफोल्डला आधारमंच नको, त्यावर कोणीतरी भाषण करतंय असं वाटतं. परांची म्हणा. भिंत उभी राहीपर्यंत असते, नंतर काढतात. इथे ती स्वतःच निघून जाते एवढाच फरक. हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं मऊ जेल, हायड्रोजेलच राहू दे, मऊ कॉन्टॅक्ट लेन्समुळे ते कित्येकांच्या डोळ्यात जाऊन बसलंय, जलजेल म्हटल्याने कोणाला जास्त कळणार नाही.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: 'हे हायड्रोजेल शरीराला मानवतं, नव्या पेशींना परांचीसारखा आधार देतं आणि काम झालं की हळूहळू जिरतं.' फक्त छापायच्या आधी मूळ लेखात एकदा बघून घ्या की ते मानवलंय कोणाला, प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींना, उंदराला की माणसाला. नुसत्या बशीतल्या पेशी असतील तर 'शरीराला मानवतं' काढा आणि 'पेशींना बाधत नाही' लिहा.