मनगटातून सुरू झालेली अँजिओ जांघेतून का संपली?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या वडिलांची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून करायला घेतली होती. पंधरावीस मिनिटं झाली असतील, कोपराजवळ इतकं दुखायला लागलं की बाबा ओरडलेच, मग तो हात सोडून जांघेतून केली. बाहेर आल्यावर सांगितलं की "नसेला लूप आहे". म्हणजे हातातही ब्लॉकेज आहे का? की करणाऱ्याचा हात बसलेला नव्हता? आता अँजिओप्लास्टी सांगितलीय, तेव्हा परत हेच होणार का?

उत्तर : आधी मनातली भीती काढा, लूप म्हणजे ब्लॉकेज नाही. काही लोकांची मनगटाकडे येणारी रेडियल धमनी कोपराच्या जरा खाली सरळ न येता स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन येते. हे जन्मापासूनच असतं, रक्त व्यवस्थित वाहतं, नाडी लागते, त्यामुळे आयुष्यभर कुणाला पत्ताच नसतो, कळतं ते अँजिओसाठी धमनीत सरकवलेली बारीक वायर अडते तेव्हाच.

आता दुखलं का ते सांगतो. या गिरकीच्या अगदी टोकावरून बहुतेक वेळा एक बारीक फांदी वर कोपराकडे जाते आणि खालून येणाऱ्या वायरला वळणापेक्षा ती फांदीच सरळ रस्ता वाटते, मग वायर तिच्यात शिरते, पेशंटला कोपरात कळ येते. रेडियल मुळात दोन ते तीन मिलिमीटरची, आणि वायरवरून सरकवायची नळी म्हणजे कॅथेटर, नेहमीचा सहा फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) दोन मिलिमीटरचा, म्हणजे जागा किती उरली बघा. त्यात धमनी चिडून आवळली, ज्याला स्पाझम म्हणतात, की कॅथेटर पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. अशा वेळी थोडा डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून फोटो घेतात, धमनी सैल करायला नायट्रोग्लिसरीन देतात, मऊ बारीक वायरने गिरकी पार करून बघतात. कधी कधी वायर पार गेली की हलकेच ओढल्यावर लूप चक्क सरळ होतो! पण नाहीच झालं तर जोर करायचा नसतो, धमनी फाटली तर हातात रक्त साचून नवीनच दुखणं मागे लागतं. त्यामुळे रस्ता बदलला यात मला तरी चूक दिसत नाही. आधीच का सांगितलं नाही म्हणाल तर वरून नाडी बघून आतलं वळण कळत नाही.

लूप हा एकच प्रकार नाही बरं का. त्याहून जास्त सापडतं ते म्हणजे रेडियल कोपराऐवजी वर दंडातून किंवा काखेतूनच फुटलेली असणं, ती लांबलचक आणि बारीक असते म्हणून आवळते लवकर, पण काम बहुतेकदा होऊन जातं. अगदी क्वचित उजव्या हाताची मुख्य धमनी महाधमनीच्या कमानीवरून सगळ्यात शेवटी निघून अन्ननलिकेच्या मागून येते, तिथे वायर हृदयाकडे वळण्याऐवजी सारखी खाली पोटाकडे घसरते. अशा पेशंटचं डाव्या हातातून सोपं जातं.

पुढच्या वेळचं म्हणाल तर एका हातात लूप आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही, डावं मनगट बघता येतं आणि जांघ तर आहेच. मनगटातून केलं की रक्तस्राव कमी आणि पेशंट लगेच उठून बसतो म्हणून डॉक्टर आधी तिकडे जातात, १९८९ मध्ये कॅनडातल्या डॉ. कॅम्पोंनी मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं छापून आलं तेव्हापासून हा रस्ता रुळत गेला. मात्र एक काम आजच करा, डिस्चार्ज पेपरवर "उजव्या रेडियलला लूप" असं लिहिलंय का बघा, नसेल तर लिहून घ्या आणि हातातल्या अँजिओची सीडी मागून घ्या. अँजिओप्लास्टी दुसरीकडे करणार असाल तर हे आधी दाखवा, टेबलावर झोपल्यावर नाही.

आणि त्या हातावर थोडं काळंनिळं असेल तर ते हळूहळू जातं. पण हात फुगून कडक झाला, बोटं बधिर किंवा गार पडली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.