प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस ‘बदल होतच नाही’ असं का म्हणायचा? डोळ्यांना तर दिसतो!

कारण ‘नाही’चा विचारच करता येत नाही आणि ‘नाही’शिवाय बदल घडत नाही, असं त्याचं म्हणणं. हिरवं ऑलिव्ह पिकून काळं झालं, म्हणजे जो काळेपणा नव्हता तो आला. पण जे नाहीच त्यातून काही येणार कसं? म्हणून डोळ्यांवर नको, तर्कावर विसंब, असं त्याच्या कवितेतली देवी बजावते. या कवितेच्या जेमतेम 160 ओळी उरल्यात, त्याही बऱ्याचशा सिम्प्लिकियस या भाष्यकाराने हजारेक वर्षांनी उतरवून ठेवल्या म्हणून. केवढं नशीब आपलं! मात्र त्याच कवितेत पुढे चंद्राचा प्रकाश उसना असल्याचंही येतं. त्यामुळे दिसणारं जग त्याने पुरतं मोडीत काढलं होतं का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.