उत्तर भारतात फिरताना अनोळखी माणसांचे, त्यांच्या रोजच्या जगण्याचे फोटो कसे काढता? लोक चिडत नाहीत का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की येत्या डिसेंबरात पहिल्यांदाच बनारस आणि दिल्ली करताय, नवीन कॅमेरा घेतलाय, पण अनोळखी माणसासमोर तो उचलायला हात धजत नाही. मी नाशिकचा. लग्नं शूट करून पोट भरतो आणि पौषात आमच्याकडे मुहूर्त जवळजवळ नसतातच म्हणून गेली अकरा वर्षं त्या रिकाम्या दिवसांत नाशिक रोडवरून काशी एक्सप्रेस पकडून वर जातो. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, चालवून घ्या.

तर, लोक चिडतात का? चिडतात ना, आणि बऱ्याचदा त्यांचंच बरोबर असतं. पहिल्या वर्षी मी ७०-२०० ची झूम लेन्स (लांबूनच माणूस जवळ ओढणारी) घेऊन बनारसच्या अस्सी घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो होतो, खाली एक म्हातारे नाववाले शेकोटीजवळ चहा पीत होते, धूर, धुकं, मागे पांढरी झालेली गंगा, असा उजेड मी आयुष्यात पाहिला नव्हता. सात-आठ फ्रेम घेतल्या असतील तेवढ्यात त्यांनी वर बघितलं, गमछा तोंडावर ओढला, आणि ओरडले वगैरे नाहीत, शांतपणे म्हणाले, "पास आके लीजिए, चोर की तरह काहे ले रहे हैं?" मी खाली गेलो, त्यांनी बाजूची वीट सरकवून दिली आणि तिथल्याच पोराला माझ्यासाठी एक पुरवा सांगितला (पुरवा म्हणजे मातीचा कुल्हड, बनारसात हाच शब्द जास्त चालतो). तासभर बसलो. त्या दिवसानंतर ती झूम लेन्स मी काशीला परत नेलेली नाही. ३५ मिमीची एकच, झूम नसलेली लेन्स नेतो, तिच्यात माणूस नीट यायला हवा तर त्याच्यापासून दोन हातांवर जावंच लागतं, आणि तेवढ्या जवळ गेलं की बोलावंच लागतं.

पण खरी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. मी त्यांचा फोटो ८ बाय १२ मध्ये प्रिंट करून नेला. नुसता चेहरा, अर्धा धुरात, डोळ्यांत शेकोटीचा लालसर उजेड, मला त्याचा फार अभिमान होता. काकांनी तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ये तो आधा है." मला कळेना. मग त्यांनी एकेक करून सांगितलं, स्वेटर उसवलेला आहे, टोपी घरातली आहे, होडी कुठाय, पाय कुठायत. "पूरा लीजिए भइया, गोड़ तक." गोड़ म्हणजे पाय, भोजपुरीत. घरी गेले, वीसेक मिनिटांनी आले ते केसांना तेल लावून, पांढरा शर्ट, वर बिनबाह्यांचा मरून स्वेटर, पायात मोजे आणि चामडी सँडल, आणि आपल्या नावेच्या टोकावर हात सरळ खाली सोडून उभे राहिले. हसले नाहीत. मी तो फोटो काढला, मनातून थोडा नाराजच होतो खरं सांगायचं तर, कारण कॅन्डिड, म्हणजे माणसाच्या नकळत टिपलेला फोटो, हेच सगळं आणि पोज म्हणजे खोटं असं डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

आज तो दुसरा फोटो माझ्या कामाच्या टेबलासमोर लावलेला आहे, धुरातला पहिला कुठल्या हार्ड डिस्कमध्ये आहे तेही चटकन सांगता येणार नाही.

नंतर घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे तरी काय वेगळं होतं. आमच्या आजोबा-आजींचा स्टुडिओतला फोटो बघा, आजी खुर्चीवर, आजोबा शेजारी उभे, पायातल्या वहाणांपर्यंत सगळं फ्रेममध्ये. ज्या माणसाचा वर्षानुवर्षांत एखादाच फोटो निघतो त्याला त्यात पूर्ण यायचं असतं, अंगावर काय घातलं होतं, कशाशेजारी उभा होतो, हे सगळं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचं कौतुक आपल्याला, त्यांना नाही. तेव्हापासून माझा नियम झाला, एक माझा आणि एक त्यांचा. आधी विचारायचं, मग मला हवा तसा एक काढायचा, मग म्हणायचं, अब आप बताइए कैसे लें. आणि मग ते जे करतात ते बघण्यासारखं असतं हो. कचौडीवाला कढई सोडून नवीन घेतलेल्या मोटरसायकलवर जाऊन बसतो. दशाश्वमेधजवळ झेंडूच्या माळा विकणाऱ्या बाईंनी टोपली बाजूला सारली आणि वरच्या गल्लीतून मुलीला बोलावून घेतलं, ती बारावीला होती, तिच्या हातात पुस्तक दिलं आणि मग दोघी उभ्या राहिल्या. मी तिथे दहा दिवस बसलो असतो तरी त्या बाईंच्या आयुष्यात सगळ्यात मोठी गोष्ट ते पुस्तक आहे हे मला कळलं नसतं, त्यांनीच ते फ्रेममध्ये आणून ठेवलं.

याच कारणाने मी तिथले फोटो ब्लॅक अँड व्हाइट करत नाही. साधूचा किंवा म्हाताऱ्याचा क्लोजअप, कॉन्ट्रास्ट वाढवलेला, प्रत्येक सुरकुती खोल केलेली, असले हजारो फोटो तुम्ही पाहिले असतील, आणि मला ते फार अन्यायाचे वाटतात कारण त्यात गरिबी तेवढी उरते आणि माणूस जातो. उत्तरेतला हिवाळा तर रंगांचाच असतो. धुक्यामुळे मागचं सगळं करडं होऊन जातं आणि त्यात हाताने विणलेले पोपटी, राणी, लिंबू कलरचे स्वेटर, माकडटोपी, शाल, निळी ताडपत्री, झेंडू. जयपूरचे फोटोग्राफर रघुबीर सिंह (१९४२ ते १९९९) यांनी गंगेवर, बनारसवर वर्षानुवर्षं काम केलं आणि ते रंगात केलं, तेही अशा काळात जेव्हा रंगीत फोटोग्राफी म्हणजे जाहिरातींची असं मानलं जायचं. त्यांचे फोटो जायच्या आधी नक्की बघा. बघा की त्यांच्या फ्रेममध्ये माणसं किती पूर्ण असतात, भोवतीच्या दुकान-भिंत-गाडीसकट.

आता तुमच्या कामाचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत जाताय तर धुकं गृहीत धरा. गंगेच्या मैदानात थंड हवा जमिनीलगत साचून राहते, नद्या आणि ओल्या शेतांचा दमटपणा असतोच, वारा पडलेला, मग ते धुकं दहा-अकरापर्यंत हलत नाही, कधी दिवसभर नाही. गाडी सहा-आठ तास लेट होणं नेहमीचं, एकदा माझी चौदा तास झाली होती. जुन्या पद्धतीत धुक्यात सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके ठेवतात, इंजिन त्यावरून गेलं की धाड आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की सिग्नल जवळ आलाय. डब्यात लोक वैतागत नाहीत, जेवणाचे डबे उघडतात. प्रयागराजच्या अलीकडे एका कुटुंबाने मला तिळाचे लाडू आणि मटारची घुगनी खायला घातली, त्यांचा फोटो मात्र मी काढला नाही, तेव्हा नुसतं खावंसं वाटलं.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर धुक्यात त्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, सगळं पांढरं दिसल्यामुळे तो फोटो काळवंडून टाकतो, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप वर, म्हणजे +१ वर, ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून एकदम गरम खोलीत कॅमेरा आणलात की लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बाहेर असतानाच तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि आत आल्यावर अर्धा तास तशीच राहू द्या. घाट शहराच्या बाजूला, म्हणजे पश्चिम काठावर आहेत आणि पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळ हीच खरी वेळ, समोरच्या वाळवंटावरून ऊन सरळ पायऱ्यांवर येतं. संध्याकाळी पायऱ्या लवकर सावलीत जातात. हिवाळ्यात नदीवर पांढरे समुद्रपक्षी येतात, नावेतून लोक त्यांना शेव टाकतात, आओ आओ करून बोलावतात आणि सगळे एकच फोटो काढतात, नाव आणि भोवती पंख. तुम्हीही काढा, सुंदर असतो तो, फक्त तेवढ्यावर सकाळ संपवू नका.

आणि माणसांत शिरायची जागा म्हणजे कौड़ा. शेकोटीला तिकडे कौड़ा म्हणतात. लाकूडफाटा, खोकी, जे मिळेल ते जळत असतं आणि भोवती रिक्षावाला, दूधवाला, कॉलेजचा पोरगा, एखादा पंडा, सगळे एकाच रिंगणात हात पुढे करून बसलेले. तिथे कोणी कोणाला कोण म्हणून विचारत नाही, सरकून जागा करतात. कॅमेरा पिशवीत ठेवून बसा, पाऊण तास बसा. फोटोचा विषय बहुतेक वेळा समोरूनच निघतो.

मराठी माणूस म्हणून एक जागा सांगतो. काशीत आपल्या खुणा खूप आहेत, शिंदे घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभारलं हे तर सगळ्यांना माहीत असतं, पण तुम्ही पंचगंगा घाटाच्या अंगाने वर दुर्गाघाट, ब्रह्माघाटच्या गल्ल्यांत जा. तिथे कित्येक पिढ्यांपासून मराठी घरं आहेत. चौथ्या की पाचव्या वर्षी मी फोनवर बायकोशी बोलत त्या गल्लीतून चाललो होतो तर वरच्या खिडकीतून आवाज आला, "कुठले हो तुम्ही?" आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. वर बोलावलं, चहा दिला. मराठी अशी स्वच्छ आणि जुन्या वळणाची, मध्येच एखादं वाक्य बनारसी हिंदीत जायचं आणि परत यायचं. पुणं त्यांनी एकदाच पाहिलं होतं, लहानपणी, मुंजीला गेल्या होत्या. मी विचारलं आजी फोटो काढू का, तर म्हणाल्या, थांबा, आणि नऊवारी नेसून आल्या. "हा आमच्या मुलांना पाठवा, ती बंगळूरला असतात, त्यांनी मला अशी पाहिलीच नाही बऱ्याच दिवसांत." तो फोटो खिडकीतल्या उजेडात काढलाय, पावलांपर्यंत.

दिल्लीचं थोडक्यात सांगतो कारण तिथे मी दोन-तीन दिवसच थांबतो. खारी बावलीत पहाटेनंतर लगेच जा, मसाल्याचा बाजार आहे, मिरचीच्या पोत्यांमुळे हवेतच इतका तिखटपणा असतो की हमालसुद्धा खोकत चालतात, तोंडाला रुमाल बांधा. हमालांच्या वाटेत उभं राहू नका, पाठीवर ओझं असलेल्या माणसाला तुमच्यासाठी थांबावं लागलं की तो फोटो घेऊच नये. ते चहाला बसतात तेव्हा विचारा. जुन्या दिल्लीत हिवाळ्यात दौलत की चाट मिळते, दुधाचा फेस, बनारसात त्याच जातीचं मलइयो, दोन्ही थंडीतच, उन्हं चढायच्या आत खायचं.

कुठे काढायचा नाही तेही ऐका. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटावर चितांचे, प्रेतयात्रेचे फोटो काढू नका, लांबून नावेतूनही नको. तिथे कोणीतरी येऊन पैसे घ्या-द्या करून परवानगी मिळवून देतो म्हणेल, तरीही नको. तिथे बसलेला माणूस कोणाचा तरी मुलगा असतो आणि त्याच्या घरातलं माणूस आत्ताच गेलेलं असतं. आणि पैशांचं म्हणाल तर फोटोसाठीच गंध लावून बसलेल्यांना जरूर द्या, ते त्यांचं काम आहे, पण बाकीच्यांना पैसे पुढे केलेत तर बऱ्याचदा त्यांचा अपमान होतो. त्यांना फोटो हवा असतो.

म्हणून प्रिंट. व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, पाठवतोही, पण फोन बदलला, फुटला की तो जातो, प्रिंट ट्रंकेत राहते. "भेज दीजिएगा" असं प्रत्येक जण म्हणतो आणि बहुतेक फोटोवाले हो म्हणून निघून जातात, हे त्यांनाही माहीत झालंय. तुम्ही परत जाणार नसाल तर पोस्टाने पाठवा, तेही जमणार नसेल तर हो म्हणू नका. पत्ता कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, कारण घरनंबरपेक्षा खुणाच कामाला येतात.

यंदाचं पाकीट तयार आहे, त्रेचाळीस प्रिंट आहेत. मागे पेन्सिलने लिहिलंय, तुलसीघाटाच्या वर निळं शटर, किंवा केदार घाट, इस्त्रीवाले, दुपारी नसतात. एक प्रिंट तीन वर्षं तशीच येते-जाते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, चहाच्या टपरीवर होता, त्याने फोटोसाठी मालकाचं घड्याळ मागून हातात घातलं होतं. टपरी आता तिथे नाही आणि आजूबाजूला कोणाला नक्की सांगता येत नाही, कोणी सुरत म्हणतं, कोणी लुधियाना. तुम्ही अस्सीला गेलात तर पायऱ्या उतरायच्या आधी डावीकडे पानवाला आहे, त्याला टपरी माहीत होती. मुलगा परत आलाय का एवढं विचाराल का?