भांडी घासायच्या लिक्विडसाठी सशाच्या डोळ्याची चाचणी करावी लागते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमळनेरला तुमचा बचत गट भांड्यांचं लिक्विड आणि फरशी क्लीनर बनवतो. माल बाहेरदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने 'आय इरिटेशनचा रिपोर्ट' मागितला आहे. फार्मसीला शिकणारा एक ओळखीचा मुलगा म्हणतोय, कॉलेजात ससे आहेत, डोळ्यात थेंब टाकून दोन दिवसांत सांगतो. हे करावं का, आणि केलं तर चालेल का?

करू नका. ते बेकायदेशीर ठरेल, असा कागद कुठलाही शहाणा खरेदीदार घेणार नाही, आणि सशाकडून जे कळणार आहे त्यातलं बरंचसं पीएच मीटर (माल किती आम्ल किंवा अल्कली आहे ते मोजणारं यंत्र) आणि एक कागद-पेन्सिल तुम्हाला आधीच सांगेल.

आधी ही चाचणी नेमकी काय असते ते बघा, म्हणजे 'थेंब टाकून बघू' हे किती हलकं बोलणं आहे ते लक्षात येईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांबरोबर 1944 मध्ये ती मांडली, म्हणून ड्रेझ टेस्ट. आज ती ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी-मार्गदर्शिका 405 प्रमाणे होते. पांढरा, लाल डोळ्यांचा तरुण ससा घेतात, कारण त्याचा डोळा मोठा असतो आणि रंगद्रव्य नसल्याने लाली लगेच दिसते. आदल्या चोवीस तासांत दोन्ही डोळे फ्लुरोसिन हा ओरखडा दाखवणारा रंग टाकून तपासतात, आधीच ओरखडा असेल तर तो ससा बाद. मग खालची पापणी हलकेच ओढून तयार झालेल्या खळग्यात 0.1 मिलिलिटर द्रव सोडतात, पावडर असेल तर जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम. माल बाहेर पडू नये म्हणून पापण्या साधारण एक सेकंद मिटून धरतात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. द्रव असेल तर डोळा चोवीस तास धुवायचा नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे. तुमच्या-माझ्या डोळ्यात साबण गेला तर आपण नळाकडे धावतो.

तपासणी 1, 24, 48 आणि 72 तासांनी. इजा टिकली तर पुढे 7, 14 आणि 21 दिवसांपर्यंत. गुण तीन भागांना देतात. कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) गढूळपणा 0 ते 4 : एकवर विखुरलेले पुसट डाग, आतली आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) स्पष्ट दिसते, दोनवर आयरिस जरा झाकोळते, तीनवर कॉर्निया मोत्यासारखा दुधी होतो, आयरिसचा तपशील जातो आणि बाहुलीचा आकार जेमतेम कळतो, चारवर काहीच दिसत नाही. आयरिसला 0 ते 2, पापणीच्या आतल्या आवरणाच्या लालीला 0 ते 3, सुजेला 0 ते 4. आजच्या पद्धतीत थेंब टाकण्याच्या तासभर आधी ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन, पाच मिनिटं आधी डोळा बधिर करणारे थेंब, आठ तासांनी पुन्हा ब्युप्रेनॉर्फिन आणि सोबत मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक द्यावंच लागतं; पुढे पहिलं दर बारा तासांनी आणि दुसरं दर चोवीस तासांनी. सुरुवात एकाच सशावर करतात. त्यालाच जबर इजा झाली तर तिथेच थांबतात. तसं झालं नाही, तर खात्रीसाठी फार तर आणखी दोन. कॉर्नियाला भोक पडलं किंवा चारचा गढूळपणा 48 तास टिकला, तर प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं असतं. हे सगळं पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय होत नाही. दोन दिवसांत हातोहात होणारं हे काम नव्हे.

एवढं करूनही आकडा पक्का मिळत नाही. 1971 मध्ये वेल आणि स्काला यांनी तीच रसायनं सुमारे दोन डझन प्रयोगशाळांना पाठवून पाहिली. एकाच रसायनाला कुणी सौम्य म्हटलं, कुणी तीव्र. कारणं सरळ आहेत. गुण डोळ्यांनी बघून दिले जातात. ससा पंजाने डोळा चोळतो. थोडा द्रव गालावर ओघळतो, आणि नेमका किती आत राहिला ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय सशाला तिसरी पापणी असते, तो आपल्यापेक्षा फार कमी वेळा डोळे मिचकावतो, त्याला पाणी कमी येतं आणि त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ असतो. इतक्या वेदना देऊन इतका सैल निष्कर्ष निघत असेल, तर ही चाचणी पहिली नव्हे, अगदी शेवटची असली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सुदैवाने मार्गदर्शिका 405 सुद्धा हेच सांगते : आधी असलेली माहिती, पीएच आणि प्राण्याशिवायच्या पद्धती, त्यातून उत्तर मिळालं तर ससा नाही.

कायद्याचं थोडक्यात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आणि प्रयोगांचे नियम 1998 चे. संस्थेची केंद्राच्या समितीकडे नोंदणी लागते, ही समिती पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए म्हणून ओळखली जाते. त्यावर प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. कॉलेजात ससे आहेत याचा अर्थ कुणाचंही लिक्विड त्यांच्यावर तपासता येतं असा होत नाही. कायद्याच्या कलम 17 मध्ये तर टाळता येईल तिथे प्रयोग टाळा असंच सांगितलं आहे. तो मुलगा मनाने चांगलाच असेल, पण यात तोही अडकेल. आणि उद्या गटाने शाम्पू, फेसवॉश किंवा अंगाचं लिक्विड सुरू केलं तर ते सौंदर्यप्रसाधनात मोडतं, आणि त्यासाठी आपल्या देशात प्राण्यांवर चाचणी करायला 2014 पासून बंदीच आहे. युरोपात 2013 पासून अशी चाचणी केलेलं प्रसाधन विकताही येत नाही.

आता कामाचं. व्यापाऱ्याला लेखी विचारा : माल कोणत्या देशात जाणार, रिपोर्ट लेबलवरच्या इशाऱ्यासाठी हवा की नुसता फाइलसाठी, आणि कोणत्या क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे हवा. बऱ्याचदा त्याला हवी असते फक्त सेफ्टी डेटा शीट (मालाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद) आणि योग्य लेबल. तेवढ्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरजच पडत नाही.

मग पीएच. 2 किंवा त्याखाली, 11.5 किंवा त्यावर असेल तर माल डोळ्याला गंभीर इजा करणारा असं थेट धरून चालतात आणि असा माल सशावर तपासूच नये असं मार्गदर्शिका म्हणते. इथे एक घोळ हमखास होतो. बाजारातल्या बऱ्याच रिपोर्टांवर पीएच 1 टक्का द्रावणाचा लिहिलेला असतो, डोळ्याच्या हिशोबाला मात्र मूळ, न पातळ केलेल्या मालाचा लागतो. दोन्ही मोजा आणि दोन्ही लिहा. कागदी पट्टी हिरव्या-पिवळ्या रंगाच्या लिक्विडमध्ये दगा देते. साधं मीटर घ्या, 7 आणि 10 च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) लावून घ्या, आणि प्रत्येक बॅचनंतर इलेक्ट्रोड नीट धुवा. साबणाचा पापुद्रा बसला की आकडा सरकायला लागतो.

तुमच्या मालात धोका कुठे लपतो? ॲसिड स्लरी (फेस आणणारं आम्लधर्मी रसायन) आणि कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोडा, तीव्र अल्कली) मेळात. स्लरीत मोकळं सल्फ्युरिक ॲसिड ग्रेडप्रमाणे कमी-जास्त असतं. त्यामुळे 'इतक्या किलोला इतकं कॉस्टिक' हे ठरलेलं माप स्लरीचा ड्रम बदलला की चुकतं. त्यात आपल्याकडचं बोरचं पाणी जड. फेस येईना म्हणून कुणी वरून आणखी सोडा टाकतं, आणि पीएच चढतो. दुसरी गोष्ट आणखी वाईट. कॉस्टिकच्या फ्लेक्स थेट पिंपात टाकल्या तर घट्ट लिक्विडमध्ये त्या विरघळत नाहीत, तळाशी बसतात. वरचं लिक्विड 8 दाखवतं, तळाची कॅन 12 वर असते. ज्या बाईच्या हाती ती शेवटची कॅन जाते तिच्या डोळ्याचं काय होईल ते सांगायला ससा लागत नाही. म्हणून फ्लेक्स आधी वेगळ्या बादलीत पाण्यात सोडा, कायम पाण्यात फ्लेक्स, फ्लेक्सवर पाणी कधीच नाही. पूर्ण विरघळून गार झाल्यावर थोडं थोडं करत स्लरीच्या पाण्यात घाला. पीएच वरून, मधून आणि तळातून असा तीनदा घ्या. तिन्ही 7 ते 8 च्या आसपास आणि एकमेकांजवळ आले तरच पॅकिंग.

यानंतर कागदावरचा हिशोब. प्रत्येक कच्च्या मालाची सेफ्टी डेटा शीट पुरवठादाराकडून मागून घ्या. त्यात डोळ्याला किती धोका याचा वर्ग दिलेला असतो. रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरणाचा सर्वसाधारण नियम असा की, गंभीर इजा करणारे घटक मिळून 3 टक्के किंवा जास्त असतील तर तयार मालही त्याच वर्गात जातो. 1 ते 3 टक्क्यांत असतील तर 'डोळ्यांची जळजळ करणारा' होतो. काही घटकांना स्वतःची वेगळी हद्द असते. एसएलईएस या फेस आणणाऱ्या रसायनासाठी युरोपातल्या शीटमध्ये 10 टक्के आणि त्यावर गंभीर इजा, 5 ते 10 मध्ये जळजळ, असं दिसेल. टक्के सक्रिय घटकाचे धरायचे, पेस्टचे नाही : 70 टक्क्यांची एसएलईएस पेस्ट 100 किलो मालात 10 किलो असेल तर सक्रिय 7 टक्के झाली. तसंच फरशी क्लीनरचं. 50 टक्के बीकेसी (जंतुनाशक) 100 किलोत 2 किलो टाकलं की सक्रिय 1 टक्का होतं, आणि इशाऱ्याची हद्द तिथूनच सुरू होते.

फेस आणणाऱ्या रसायनांचं मिश्रण असलं की हा हिशोब बहुधा खऱ्यापेक्षा कडक निघतो. कडक लेबल मान्य असेल तर काम इथेच संपलं. ते हलकं करायचं असेल तर प्राण्याशिवायची चाचणी करून घ्या, आणि मी सुरुवात मार्गदर्शिका 492 पासून करायला सांगेन. यात मानवी पेशींपासून वाढवलेला कॉर्नियासारखा पेशीथर वापरतात. एपिऑक्युलर नावाच्या थरावर 50 मायक्रोलिटर द्रव 30 मिनिटं ठेवतात, धुतात, 12 मिनिटं भिजवतात, दोन तास तसंच ठेवतात आणि मग एमटीटी या रंगाने किती पेशी जगल्या ते मोजतात. 60 टक्क्यांच्या वर जगल्या तर इशाऱ्याची गरज नाही. त्याखाली गेल्या तर जळजळ की गंभीर इजा हे एवढ्यावरून ठरत नाही; त्यासाठी 492 बी किंवा 437 लागते. 437 मध्ये कत्तलखान्यातून आलेल्या डोळ्यांचे कॉर्निया वापरतात. गुण 3 पर्यंत आला तर वर्ग नाही, 55 च्या वर गेला तर गंभीर, मधल्या आकड्यावर ती एकटी निकाल देत नाही. कोंबडीच्या डोळ्यांवरची 438 स्वस्त सुचवली गेली तरी तुमच्या मालाला पहिली पसंती देऊ नका. फेसाच्या रसायनांची इजा ती कधी कधी कमी दाखवते, आणि नेमकं तेच तुमच्या मालात आहे.

प्रयोगशाळा निवडताना जीएलपी (प्रयोगशाळेच्या चांगल्या कार्यपद्धतीचं) प्रमाणपत्र मागा, आणि ते याच चाचणीसाठी आहे ना ते वाचून पाहा. भारत 2011 पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे असा रिपोर्ट त्या देशांत पुन्हा करावा लागत नाही. नमुन्यासोबत टक्केवारीसह घटक, मूळ मालाचा पीएच, बॅच नंबर आणि तारीख द्या. रंग कोणता वापरला ते आवर्जून लिहा. एमटीटीचं वाचन रंगावर असतं, गडद रंग त्यात मिसळला तर मेलेल्या पेशी जिवंत भासतात. आधी कळवलं तर प्रयोगशाळा वेगळी तुलना लावते. नमुना विकायचा तोच माल असू द्या, मुद्दाम सौम्य बनवलेला नको. आणि मे महिन्यात एसटीच्या टपावरून पाठवू नका. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांत लिक्विड पातळ पडतं, थर सुटतात आणि प्रयोगशाळेत वरचाच भाग तपासला जातो.

रिपोर्ट येईल तेव्हा येईल, पिंपाजवळ उभ्या राहणाऱ्या बायकांचं आजच बघा. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर ते पेशींच्या चरबीचा साबण करत आत आत जातं, ॲसिडसारखं वरच्या वर अडत नाही. सगळ्या बाजूंनी बंद गॉगल दोनशे-तीनशे रुपयांत येतो, तो स्लरी आणि कॉस्टिक हाताळणाऱ्या प्रत्येकीला द्या. नळाला पाणी रोज येत नसेल तर तोटी लावलेला 20 लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन पिंपापासून दहा पावलांच्या आत ठेवा, आणि सावलीत; उन्हात तापलेलं पाणी डोळ्यावर ओतता येत नाही. डोळ्यात गेलं की त्याच क्षणी पापण्या बोटांनी उघड्या धरून संथ धारेने धुवा : लिक्विडसाठी किमान 15 ते 20 मिनिटं, कॉस्टिक किंवा स्लरीसाठी अर्धा तास. 20 लिटर त्याला कमी पडतील, म्हणून दुसरा कॅनही भरून ठेवा. लिंबू, तूप, गुलाबपाणी काहीही नको. धुणं झाल्यावर, दुखत नसलं तरी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सोबत त्या ड्रमचं लेबल न्या.